उघडा खड्डा : फवारलेले रान आणि चरणारे जनावर

बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत भूमिहीन मजूर आणि अल्पभूधारक शेतकरी यांची संख्या मोठी आहे. ज्यांना जमीन नाही त्यांच्या घरीही दोन-चार शेळ्या, एखादी गाय किंवा म्हैस असते आणि मुलीचे लग्न, आजारपण, शाळेची फी यांचा भार बहुधा तिच्यावरच पडतो. असे जनावर दुपारी रानातून परतावे, त्याच्या तोंडाला फेस यावा, पाय थरथरावेत आणि दिवस मावळण्यापूर्वी ते गतप्राण व्हावे, ही घटना या भागात नवी नाही. अशा वेळी आमच्या धर्मगुरूंना आणि धर्मशिक्षकांना बोलावणे येते. कोणी म्हणते करणी झाली, कोणी म्हणते शेजाऱ्याने वैराने विष घातले, कोणी देवाची इच्छा म्हणून स्वस्थ बसते. खरे कारण पुष्कळदा बांधापलीकडच्या फवाऱ्यात असते. हे कारण कोणते, ते जनावरापर्यंत कसे पोहोचते, त्याची जबाबदारी कोणावर येते आणि अशा प्रसंगी आपण काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रदेश आणि पीक

१९५६ पर्यंत बीदर हा हैदराबाद राज्यातील जिल्हा होता. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी त्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात, नारायणखेड व जहीराबाद आंध्रात आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद इत्यादी भाग म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गीतील आळंद या भागांत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषा आजही एकाच बाजारात ऐकू येतात. या भाषांचा आपल्या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईल.

या पट्ट्यातील काळी जमीन तुरीला मानवते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मृगाच्या पावसावर पेरलेली तूर मार्गशीर्ष-पौषापर्यंत शेतात उभी असते. फुले आणि शेंगा धरण्याच्या काळात तिच्यावर शेंगा पोखरणारी अळी तुटून पडते. हीच अळी हरभऱ्यावर घाटे अळी म्हणून ओळखली जाते. १९९७-९८ च्या हंगामात अवेळी पावसाने आणि या अळीने तुरीचे पीक बुडविले. वारंवार फवारूनही अळी मरेना, कारण अनेक वर्षांच्या फवारणीने ती कीटकनाशकांना सरावली होती. औषधासाठी काढलेले कर्ज मात्र शिल्लक राहिले. बीदर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी त्या वर्षी साऱ्या राज्याचे लक्ष वेधून घेतले. विषाचा हा व्यवहार शेतकऱ्याने हौसेने पत्करलेला नाही, हे आपण प्रारंभीच लक्षात घेतले पाहिजे. त्याला अपराधी ठरवून आपले काम साधणार नाही.

याच प्रदेशात देवणी गाय-बैलांची जात नांदते. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तिचे तीन प्रकार शेतकऱ्यांना रंगावरूनच ओळखता येतात. जोडीला उस्मानाबादी शेळी आहे, आणि सुगीनंतर शेतात मेंढ्या बसविणारे धनगर व कुरुबा मेंढपाळ आहेत. पीक आणि जनावर यांचा हा संबंध फार जुना आहे. पीक निघाले की जनावराने धसकटे खावीत आणि त्याच्या शेणामूत्राने जमीन कसदार व्हावी, असा हा करार होता. फवारणीने या करारात एक तिसरा पक्ष आणून बसविला आहे, आणि त्याची खबर जनावरांच्या मालकाला कोणी देत नाही.

विष जनावरापर्यंत कोणत्या वाटांनी येते

पहिली वाट म्हणजे सरळ चरणे. काल फवारलेल्या शेतात आज जनावर शिरले तर पानावर बसलेले औषध त्याच्या पोटात जाते. काही औषधे आंतरप्रवाही असतात, म्हणजे ती पानातून शिरून झाडाच्या रसात मिसळतात. अशा झाडाचा पाला वरून धुऊन निघाला तरी निर्धोक होत नाही.

दुसरी वाट वाऱ्याची आहे. फवारा आपल्या शेतात मारला तरी तुषार बांधावर आणि शेजारच्या पडीक रानात जाऊन पडतात. बांधावरचे गवत हाच भूमिहीनाच्या शेळीचा मुख्य चारा होय. निंदणीत काढलेले गवत मजूर स्त्रिया डोक्यावर भारा करून घरी नेतात. ते कोणत्या दिवशी फवारलेल्या शेतातले आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

तिसरी वाट पाण्याची आहे. फवारणीचा पंप हौदावर, ओढ्यावर किंवा विहिरीच्या थारोळ्यात धुतला जातो, आणि दुपारी तेथेच जनावरे पाण्यावर येतात. औषधाचे रिकामे डबे पाणी ठेवण्यासाठी वा पेंड भिजविण्यासाठी वापरणे हा याच वाटेचा एक फाटा आहे.

चौथी वाट दाणेदार औषधाची आहे. उसाच्या आणि भाज्यांच्या मुळाशी टाकले जाणारे फोरेट, जे गावात थिमेट या नावाने ओळखले जाते, ते जनावरांच्या दृष्टीने अत्यंत घातक होते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झाले. तथापि घराच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात विसरलेली जुनी पिशवी आदेश वाचून नष्ट होत नाही.

पाचवी वाट गोठ्यातच सुरू होते. गोचीड मारण्यासाठी जनावराच्या अंगावर पिकाचे औषध चोळले जाते. मात्रा अंदाजाने घेतली जाते. औषध कातडीतून शोषले जाते आणि जनावर स्वतःचे अंग चाटते तेव्हा तोंडातूनही पोटात जाते. गोचिडासाठी निराळी औषधे आणि त्यांची ठराविक मात्रा असते. ती पशुवैद्याला विचारूनच घ्यावीत.

शरीरात काय घडते

पिकांवर वापरल्या जाणाऱ्या अनेक जहाल औषधांचा वर्ग ऑरगॅनोफॉस्फेट हा आहे. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस ही त्यांतील परिचित नावे. मज्जातंतू स्नायूला किंवा ग्रंथीला जो संदेश देतात तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याच्या मार्फत जातो. काम झाल्यावर हे द्रव्य मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ऑरगॅनोफॉस्फेट त्या विकरालाच बांधून टाकते. परिणामी संदेश थांबतच नाही. लाळ वाहते, डोळ्यांतून पाणी येते, वारंवार लघवी व पातळ शेण होते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वासनलिकेत स्राव भरतो, अंगावरचे स्नायू फुरफुरतात आणि अखेरीस श्वास बंद पडतो. ही लक्षणे बहुधा काही मिनिटांपासून काही तासांत दिसू लागतात. कार्बामेट वर्गातील औषधांची लक्षणे अशीच असतात, मात्र त्यांनी घातलेले बंधन काही काळाने सुटते.

मात्रा किती लहान असते हे एका उदाहरणाने कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मोनोक्रोटोफॉसची प्राणघातक मात्रा उंदराच्या दर किलोग्रॅम वजनामागे १४ मिलिग्रॅम धरली आहे. बाजारात मिळणाऱ्या ३६ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ३६० मिलिग्रॅम विष असते. उंदरावरील आकडा शेळीला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी स्थूलमानाने हिशोब केला तर वीस किलो वजनाच्या शेळीसाठी या मूळ द्रावणाचा एक मिलिलिटरही पुष्कळ होतो. चहाच्या चमच्यात असे पाच मिलिलिटर मावतात.

या विषावर उतारा आहे, ही आशेची बाब होय. अ‍ॅट्रोपीन हे औषध वेळेवर व पुरेशा मात्रेत दिले तर जनावर वाचू शकते. ऑरगॅनोफॉस्फेटच्या बाधेत त्याच्या जोडीला प्रालिडॉक्झिम वापरतात. परंतु ही इंजेक्शने पशुवैद्यानेच द्यावयाची असतात, आणि वेळ तासांचा असतो, दिवसांचा नव्हे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रानातून आलेले जनावर तडकाफडकी मरण्याची कारणे इतरही आहेत. पावसाने ताण दिल्यावर ज्वारीला जे कोवळे फुटवे येतात त्यांत हायड्रोसायनिक आम्ल असते. ते खाल्लेले जनावर काही मिनिटांतच धापा टाकत कोसळते, आणि त्याचे रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसते. त्याचा उतारा वेगळा आहे. घटसर्प, फऱ्या, सर्पदंश, युरिया खाण्यात येणे यांनीही असेच आकस्मिक मरण येते. काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त येते, आणि असे प्रेत फाडणे माणसाच्याच जिवावर बेतते. म्हणून 'फवारणीनेच मेले' असे आपण परस्पर ठरवू नये. कारण शोधणे हे पशुवैद्याचे काम आहे. त्याला वेळेवर बोलावणे हे आपले.

जे मरत नाही, त्याचे काय

मेलेले जनावर दिसते, परंतु थोडे थोडे विष घेऊन जगणारे जनावर दिसत नाही. ऑरगॅनोफॉस्फेट बरेचसे लवकर मोडतात. डीडीटी, बीएचसी, एंडोसल्फान इत्यादी ऑरगॅनोक्लोरीन वर्गातील द्रव्यांची गोष्ट निराळी आहे. यांतील डीडीटीसारखी द्रव्ये मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि चरबीत विरघळत असल्यामुळे चाऱ्यातून जनावराच्या मेदात साठून दुधावाटे बाहेर येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बारा राज्यांच्या पाहणीत गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचे अंश आढळले, आणि ३७ टक्के नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा अधिक होते. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि बीएचसीचा १९९७ मध्ये बंद झाला. तथापि हे आकडे आपणास शिकवून जातात की जनावराने खाल्लेले जनावरापाशी थांबत नाही. ते लेकराच्या पेल्यात येते.

जनावरे माणसाच्या आधी बोलतात याचे ठळक उदाहरण कर्नाटकाच्या सीमेलगत केरळातील कासरगोड जिल्ह्यात घडले. तेथील सरकारी काजू बागांवर सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जात होते. १९७९ च्या सुमारास तेथील पड्रे गावच्या परिसरात वाकड्या पायांची, खुरटलेली वासरे जन्मास येऊ लागली. शेतकरी-पत्रकार श्री पड्रे यांनी ते वृत्त त्याच सुमारास वर्तमानपत्रातून मांडले. माणसांतील व्यंगे आणि आजार यांची देशभर चर्चा होण्यास पुढे दोन दशके लागली. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी एंडोसल्फानचे उत्पादन व विक्री थांबविली. वासरांच्या पायांकडे कोणी पाहिले असते तर कदाचित एवढी वर्षे लागली नसती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण २००६ मध्ये आंध्रातील वरंगळ जिल्ह्यात दिसले. कापसाच्या वेचणीनंतरच्या शेतात चरलेल्या शेकडो मेंढ्या मेल्याची तक्रार मेंढपाळांनी केली. काहींनी दोष बीटी कापसावर ठेवला. शासकीय समितीने तो अमान्य करून नायट्रेट, हायड्रोसायनिक आम्ल व ऑरगॅनोफॉस्फेटचे अंश यांकडे बोट दाखविले. वाद वाढला. मेंढपाळांच्या हाती मात्र रिकामे वाडे राहिले. पहिल्याच दिवशी नीट नमुने घेऊन ठेवले नाहीत तर मागाहून कितीही विद्वान माणसे बसली तरी गरिबाला उत्तर मिळणे कठीण होते.

कायदा काय म्हणतो

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले पीठ खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे मरण पावली. अन्न आणि विष यांची एकत्र वाहतूक झाल्याने हे घडले होते. या घटनेतून जी चौकशी झाली तिचे फळ म्हणजे १९६८ चा कीटकनाशक कायदा. या कायद्याच्या नावातच त्याचा हेतू सांगितला आहे, आणि तो आहे मनुष्य व प्राणी यांना होणारा धोका टाळणे. म्हणजे जनावराची काळजी कायद्याने प्रारंभापासूनच माणसाच्या बरोबरीने उल्लेखिली आहे.

या कायद्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर तिरप्या चौकोनाचे चिन्ह असते, आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही हा रंग कळतो. सीमाभागात हे विशेष उपयोगी आहे, कारण उदगीर, उमरगा किंवा जहीराबादच्या बाजारातून आणलेल्या डब्यावरील मजकूर कोणत्या लिपीत असेल आणि तो फवारणाऱ्या मजुराला वाचता येईल की नाही, याचा नेम नसतो. रिकामे डबे उघड्यावर टाकू नयेत, त्यांचा पुन्हा वापर होऊ नये, ते मोडून वस्तीपासून दूर पुरावेत आणि धुण्याचे पाणी जलाशयात जाऊ देऊ नये, असेही नियम सांगतात. कायद्याच्या २६ व्या कलमान्वये विषबाधेच्या घटना कळविण्याचे बंधन राज्य शासन विशिष्ट व्यक्तींवर घालू शकते.

मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यासाठी २००५ मध्येच बंदी आली होती. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या भोजनात हेच विष मिसळून तेवीस बालके दगावली. २०२३ च्या आदेशाने केंद्र शासनाने त्याच्या ३६ टक्के द्रावणालाही निरोप दिला व शिल्लक साठ्यासाठी मुदत ठेवली. परंतु एक नाव गेले की दुसरे येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, तेव्हा निरनिराळ्या औषधांची मिश्रणे वापरली गेल्याचे समोर आले. केवळ बंदीच्या यादीवर विसंबून राहणे म्हणूनच पुरेसे नाही.

खड्ड्याचा नियम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शेतकऱ्याने आपल्या शेतात, आपल्या पिकावर, बाजारात मिळणारे औषध मारले. त्याच्या मनात वैर नव्हते. शेजाऱ्याची शेळी मेली. दोष कोणाचा?

निर्गमाच्या २१ व्या अध्यायात या प्रश्नाला फार जुने आणि फार स्पष्ट उत्तर आहे. कोणी खड्डा उघडा टाकला किंवा खणून झाकला नाही, आणि त्यात दुसऱ्याचा बैल वा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी, असा तो नियम आहे. खड्डा त्याच्याच जमिनीत असेल. त्याने तो पाण्यासाठी, म्हणजे चांगल्या हेतूनेच खणला असेल. नियमशास्त्र त्याचा हेतू विचारत नाही. ते एवढेच विचारते की खड्डा झाकला होता की नाही. पुढच्याच अध्यायात वणव्याचा नियम येतो. आपल्या रानात पेटविलेली आग काटेरी झुडपांतून पसरत दुसऱ्याच्या पिकाला लागली तर आग लावणाऱ्याने नुकसान भरून द्यावे. फवारलेले शेत हा उघडा खड्डा आहे आणि वाऱ्यावर गेलेला तुषार हा पसरलेला वणवा आहे, असे म्हटले तर ती ओढूनताणून केलेली तुलना ठरणार नाही. दोन्ही ठिकाणी धोका ज्याने निर्माण केला त्याला तो ठाऊक असतो, आणि ज्याच्यावर तो कोसळतो त्याला नसतो. जबाबदारी उगम पावते ती या जाणिवेच्या अंतरातून.

त्याच नियमशास्त्रात दुसरी बाजूही सांगितली आहे, आणि ती विसरणे अन्यायाचे होईल. ज्याने आपले जनावर दुसऱ्याच्या शेतात चरू दिले त्यानेही भरपाई द्यावी, असा नियम वणव्याच्या नियमालगतच आढळतो. तेव्हा उभ्या पिकात शेळ्या घालणाऱ्याला आपण निर्दोष म्हणू शकत नाही. मेंढपाळाने शेतधन्याला विचारून कळप बसवावा, आणि शेतधन्याने फवारणीची तारीख सांगून मग होकार द्यावा, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

आणखी एक बारकावा आमच्या वाचकांनी पाहावा. खड्ड्याच्या नियमात भरपाई देणाऱ्याला मेलेले जनावर मिळते. त्या काळी प्रेतालाही किंमत होती, कातडे होते, मांस होते. विषाने मेलेल्या जनावराच्या बाबतीत हा भाग उलटा होतो. ते प्रेत मिळकत नसून आणखी एक खड्डा असते. त्याचे मांस, काळीज, दूध काहीही उपयोगी नाही. आपल्या समाजव्यवस्थेने मेलेली जनावरे ओढण्याचे आणि सोलण्याचे काम ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या लादले, त्यांतील अनेकजण आज आपल्या मंडळ्यांत आहेत. भुकेने किंवा रूढीने ते मांस घरी नेण्याची वेळ आली तर मरण एका गोठ्यातून दुसऱ्या घरात जाते. म्हणून आमच्या मते भरपाईबरोबरच प्रेताची विल्हेवाट लावण्याचा खर्च आणि कष्टही ज्याने फवारले त्यानेच उचलणे न्याय्य होय.

वैराने मुद्दाम विष घालणे ही गोष्ट निराळी. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. परंतु पुष्कळदा निष्काळजीपणालाच वैर समजून गावात दोन तट पडतात, आणि करणीच्या संशयाने एखाद्या निराधार विधवेकडे बोट दाखविले जाते. खड्ड्याचा नियम या दोहोंपासून आपणास वाचवितो. तो शेजाऱ्याला शत्रू ठरवीत नाही, आणि त्याला मोकळाही सोडत नाही.

आपण काय करावे

बोलावणे आल्यावर प्रार्थना अवश्य करावी, पण त्याआधी दूरध्वनी करावा. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पथक येईपर्यंत जनावराला त्या रानातून, चाऱ्यापासून व पाण्यापासून दूर सावलीत न्यावे. अंगावर औषध पडले असेल तर हातांत मोजे घालून साबणाच्या पाण्याने अंग धुवावे. ताक, तेल, गुळवणी असे काहीही नळीने बळेच पाजू नये, कारण गिळता न येणाऱ्या जनावराच्या ते फुप्फुसात जाते. उरलेली जनावरे दुसरीकडे बांधावीत. औषधाचा डबा मिळाला तर तो फेकू न देता पशुवैद्याला दाखवावा. उतारा कोणता द्यावयाचा हे त्यावरून ठरते.

जनावर मेले तर शवविच्छेदनाचा आग्रह धरावा. पशुवैद्य पोटातील चारा, यकृत व मूत्रपिंड यांचे नमुने घेतात. विषाच्या तपासणीसाठी जाणारे नमुने फॉर्मेलिनमध्ये ठेवावयाचे नसतात, हे आपणास ठाऊक असलेले बरे. विम्याचा दावा असो वा कर्नाटक शासनाची 'अनुग्रह' योजना असो, पशुवैद्याच्या दाखल्यावाचून गरिबाच्या हाती काही पडत नाही. अर्ज लिहून देणे, आणि तो कानडीत हवा असल्यास कानडीत लिहून देणे, हे आपल्या धर्मशिक्षकांना सहज करता येण्यासारखे सेवाकार्य आहे. त्यानंतर प्रेत विहीर व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, म्हणजे कुत्री व गिधाडे ते उकरणार नाहीत.

याहून महत्त्वाचे काम हंगामाच्या आधीचे आहे. फवारणी करणाऱ्याने बांधावरच्या झाडाला लाल फडके बांधावे आणि ते डब्यावर सांगितलेला काळ संपेपर्यंत काढू नये, एवढी एक प्रथा जरी गावात रुजली तरी पुष्कळ जनावरे वाचतील. दवंडीने किंवा ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून फवारणीचा दिवस कळविता येईल. येळवशीच्या अमावास्येला सारे गाव रानात जेवायला जाते. जनावरेही बरोबर असतात, आणि तुरीला शेंगा लागलेल्या असतात. त्या आधीचा आठवडा तरी फवाऱ्याविना जावा, हे शेतकरी बंधूंना समजावून सांगता येईल. पटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने याच भागातील शेतकऱ्यांबरोबर एक साधा उपाय रुजविला होता. तुरीची झाडे हलवून अळ्या खाली अंथरलेल्या कापडावर पाडावयाच्या आणि त्या गोळा करून नष्ट करावयाच्या, कोंबड्यांनाही त्या चालतात. मजुरी लागते हे खरे, पण ती मजुरी गावातच राहते आणि बांधावरचे गवत निर्मळ राहते.

नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो, असा आशय नीतिसूत्रांच्या १२ व्या अध्यायात आहे. निनवे नगराविषयी योनाला दिलेल्या शेवटच्या उत्तरात देव तेथील लेकरांबरोबर गुराढोरांचाही उल्लेख करतो. हे उल्लेख व्याख्यानात सांगून संपविण्याचे नाहीत. येत्या हंगामात आपल्या मंडळीच्या गावात कोणकोणत्या शेतांवर काय फवारले जाते, तेथून कोणाची जनावरे जातात आणि कोणत्या हौदावर पंप धुतले जातात, याची एक यादी प्रत्येक धर्मशिक्षकाने करावी, आणि ती घेऊन शेतकरी व जनावरांचे मालक यांना एका ठिकाणी बसवावे, अशी आमची विनंती आहे. खड्डा कोठे आहे हे कळल्यावाचून तो झाकता येत नाही.